कोंड्याचा मांडा

गोंदिया जिल्ह्यातील आहाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ताटात काय वाढले जाते हे पाहण्याआधी ताटापर्यंत काय पोहोचू दिले जात नाही याची नोंद घ्यावी, कारण येथील पोषणमूल्यांचा मोठा वाटा राईस मिलमध्ये, मोरीत, गोठ्यात आणि उकिरड्यावर विखुरलेला सापडतो, आणि तो पुन्हा गोळा करून स्वयंपाकघरात आणण्याचे काम सध्या सरकार, तेल कंपन्या आणि आहारतज्ज्ञ हे तिघे मिळून, अर्थात आपापल्या दराने, करीत आहेत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे आठही तालुके थोड्याफार फरकाने धानावर जगतात. ‘जेवलास का’ या प्रश्नाचा अर्थ येथे ‘भात खाल्लास का’ असाच घेतला जात असल्याने चार पोळ्या आणि दोन भाज्या खाऊन उठलेल्या पाहुण्याचेही जेवण व्हायचेच आहे असे यजमानीण गृहीत धरते, आणि पाहुणा नको-नको म्हणत असताना त्याच्या ताटात भाताची टेकडी उभी राहते.

या टेकडीचा रंग पांढरा असावा लागतो. धानाच्या दाण्याची रचना पाहिली तर बाहेरून तूस, म्हणजे खाण्यास निरुपयोगी असे कठीण टरफल, त्याच्या आत तपकिरी रंगाचा पातळ कोंडा, एका टोकाला अंकुर आणि मध्यभागी पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा, पांढरा गाभा असे थर आढळतात. त्यांपैकी स्निग्धांश, तंतू, लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वे ही मंडळी प्रामुख्याने कोंड्यात आणि अंकुरात वस्तीला असतात, तर गाभ्यात मुख्यत्वे ऊर्जा आणि काही प्रथिने राहतात. राईस मिलचे काम तूस काढण्यापाशी थांबले असते तर पोषणशास्त्राला या जिल्ह्यात फारसे बोलण्यासारखे उरले नसते. परंतु तूस काढल्यानंतर उरलेला तपकिरी दाणा ग्राहकाला मळकट दिसतो, शिजायला वेळ लावतो, चावावा लागतो आणि साठवल्यास लवकर खवट होतो, म्हणून तो घासून, पुसून आणि चकचकीत करून बाहेर काढला जातो, व या सौंदर्यप्रसाधनालाच पॉलिश असे म्हणतात.

सरकारने आधारभूत किमतीने घेतलेले धान मिलमालकाला द्यायचे आणि त्याने त्याचा तांदूळ करून परत करायचा, या व्यवहारास भरडाई म्हणतात. तिच्या हिशोबात एक क्विंटल धानामागे ६७ किलो अरवा, म्हणजे न वाफवता भरडलेला, तांदूळ परत येणे अपेक्षित असते आणि तूस, कोंडा वगैरे उरलेली मंडळी मिलमालकाकडेच मुक्कामाला राहतात. तूस बहुधा भट्टीत जाते. कोंडा परंपरेने गुरांकडे जात असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम तपकिरी तांदळात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, सुमारे ०.२७ मिलिग्रॅम असते आणि पॉलिश केलेल्या तांदळात ते सुमारे ०.०५ मिलिग्रॅम उरते. ही दोन अंकांमधली तफावत कोठे गेली असा प्रश्न एखाद्या लेखापरीक्षकाने विचारलाच, तर त्याला दावणीला बांधलेल्या म्हशीकडे बोट दाखवता येते. निव्वळ जीवनसत्त्वांच्या हिशोबाने पाहता कित्येक पिढ्या या प्रदेशात मालकापेक्षा म्हशीचे जेवण सरस होते, आणि म्हशीने त्याबद्दल कधी गर्व केल्याची नोंद नाही.

पांढरेपणाबरोबर बारीकपणालाही सामाजिक मूल्य आहे. घरात रोज खाल्ला जाणारा तांदूळ जाडा असला तरी सोयरीक जुळवायला माणसे येणार असली की बारीक तांदळाचा डबा उघडला जातो, आणि मुलीकडची मंडळी वाफाळलेल्या भाताच्या शितांवरून जावयाच्या घरच्या शेतीचा अंदाज बांधतात. ‘जय श्रीराम’ या नावाचा वाण येथे देवळात आणि बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, सारख्याच श्रद्धेने उच्चारला जातो. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याचा वास सीमेच्या अलीकडेही येतो हे मानांकन देणाऱ्यांच्या लक्षात आले असावे किंवा नसावे. ‘एचएमटी’ या सर्वांत प्रसिद्ध वाणाची कथा तर सर्वश्रुत आहे: चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या, आणि त्यातून निघालेल्या बारीक, चवदार तांदळाला त्या काळी प्रतिष्ठेच्या मनगटी घड्याळाचे नाव मिळाले. घड्याळाचे कारखाने पुढे बंद पडले. तांदूळ मात्र वेळेवर येतो. खोब्रागडे यांच्या वाट्याला या संशोधनातून काय आले, हा विषय विनोदी लेखात बसणारा नाही.

पांढऱ्या तांदळाने माणसाचे काय होते याचा शोध ज्या प्रसंगातून लागला तो वैद्यकशास्त्रात आजही आदराने सांगितला जातो, यद्यपि त्यातील खरा नायक एक आचारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्त्यात, डच लष्करी डॉक्टर ख्रिश्चियान आइकमन हे बेरीबेरी या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाचे जंतू शोधत असताना त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याही तशाच लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी करता असे आढळले की त्या कोंबड्यांना काही काळ लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात मिळत होता, परंतु नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना देण्यास साफ नकार दिला, त्यामुळे त्यांच्यावर पुन्हा कोंड्यासकटचा स्वस्त तांदूळ खाण्याची वेळ आली आणि त्या चालू लागल्या. आइकमन यांना प्रारंभी पांढऱ्या तांदळात काही विष असावे असे वाटत होते. विष नसून काहीतरी कमी आहे हे त्यांचे उत्तराधिकारी खेरिट ग्राइन्स यांनी दाखवले. आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आचाऱ्याचे नाव इतिहासाने जपले नाही, आणि नियमावर बोट ठेवून अडवणूक करणाऱ्या कर्मचाऱ्याने मानवजातीवर उपकार केल्याचे इतके निर्विवाद उदाहरण उपलब्ध असूनही कोणत्याही कार्यालयात त्याची तसबीर लावलेली दिसत नाही.

गोंदियापासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात हे ज्ञान आचरणात आणण्याचा प्रयत्नही झाला. १९३४ च्या अखेरीस तेथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने, ज्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली, हातसडीच्या तांदळाचा हिरिरीने प्रचार केला, आणि गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून डॉक्टरांची मते मागवून पॉलिश तांदळावर टीकेची झोड उठवली. हातसडी म्हणजे उखळ-मुसळाने किंवा ढेकीने, म्हणजे एका टोकावर पाय देऊन दुसऱ्या टोकाचे लाकडी मुसळ धानावर आपटणाऱ्या साधनाने, कांडलेला तांदूळ. यात कोंड्याचा काही भाग दाण्यालाच चिकटून राहतो. पुढे १९५८ मध्ये तांदूळ गिरण्यांवर नियंत्रण आणणारा केंद्रीय कायदाही आला आणि हातसडीला संरक्षण देणे हा त्याच्या हेतूंपैकी एक होता. या सर्व विचारवंतांकडून एका घटकाचे मत विचारायचे मात्र राहून गेले असावे. पहाटे चार वाजता उठून ढेकीवर पाय मारणाऱ्या बाईला थायमिनपेक्षा झोपेची कमतरता अधिक जाणवत होती, आणि गावात गिरणी आली त्या दिवशी तिने केलेली निवड ही पोषणाच्या दृष्टीने चुकीची असली तरी गुडघ्यांच्या दृष्टीने अचूक होती.

कष्ट आणि जीवनसत्त्व यांच्यात तडजोड करणारा एक मार्ग जिल्ह्याला ठाऊक आहे, नव्हे, जिल्हा तो उद्योग म्हणून चालवतो. धान तुसासकट पाण्यात भिजवून, वाफवून आणि वाळवून मग भरडले की तयार होणाऱ्या तांदळाला उष्णा तांदूळ म्हणतात. भिजताना आणि वाफवताना कोंड्यातील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे गाभ्यात उतरतात, त्यामुळे नंतर कितीही घासले तरी ती पूर्णपणे निघून जात नाहीत, आणि वर उल्लेखिलेल्या कोष्टकांत अशा तांदळाचे थायमिन सुमारे ०.१७ मिलिग्रॅम, म्हणजे अरव्याच्या तिपटीहून अधिक, भरते. जीवनसत्त्वांनी मागचे दार बंद होण्याआधी आतल्या खोलीत आश्रय घ्यावा, अशी ही युक्ती आहे. जिल्ह्यातल्या मिलांतून उष्णा तांदूळ पोत्यांनी बाहेर पडतो आणि रेल्वेने दूरदेशी जातो. घरच्या ताटात मात्र बहुधा अरवाच असतो, कारण उष्ण्याला वास येतो, त्याचा रंग पिवळसर असतो आणि त्याचे शीत वरणाशी हवे तसे मिसळत नाही, अशी त्याच्याविरुद्धची तीन कलमे आहेत. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी इतक्या निष्ठेने राबणारा आणि स्वतःच्या जेवणात त्याची बाधा होऊ न देणारा असा जिल्हा विरळा.

मिलमधून जे बचावते त्याचा समाचार स्वयंपाकघर घेते. तांदूळ धुण्याची प्रमाण पद्धत अशी आहे की पाणी आरशासारखे स्वच्छ दिसेपर्यंत तो चोळावा, आणि तीन-चार पाण्यांनंतरच गृहिणीचे समाधान होते, यद्यपि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे तिच्या आधीच समाधी घेतात. पोषण संस्थेचा सल्ला असा की धान्य वारंवार धुऊ नये, शिजवताना झाकण ठेवावे, जास्तीचे पाणी ओतून देऊ नये आणि डाळ लवकर शिजावी म्हणून तीत सोडा घालू नये, कारण सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात थायमिन टिकत नाही. हा सल्ला छापील स्वरूपात अंगणवाडीच्या भिंतीवरही लावता येतो. परंतु सासूने सुनेला दिलेला ‘नीट धू’ हा दोन शब्दांचा सल्ला त्यापेक्षा जुना, लहान आणि अंमलबजावणीची यंत्रणा घरातच असलेला आहे.

भात भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणी काढून घेण्याची रीत गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, भात रांधणाऱ्या घरांत अजून आढळते. या पाण्याला पेज म्हणतात, आणि जीवनसत्त्वांचा पुढचा हप्ता तिच्यातून जातो. ती कोठे जाते यावर त्या घराची आर्थिक स्थिती ओळखता येते: गरिबाघरी ती मीठ घालून पोरांना मिळते, मध्यमस्थितीत वासराला मिळते, आणि सुस्थितीतल्या घरी ती सुती साडीला खळ म्हणून लावली जाते, त्यामुळे लग्नसमारंभात एखाद्या मावशींचा पदर ताठ उभा राहिलेला दिसला तर त्यात ब गटाचा वाटा आहे हे ओळखावे. प्रेशर कुकरने हा प्रश्न बऱ्याच घरांत परस्पर सोडवला. त्यात पाणी मोजून घालतात, ते ओतून देण्याची सोय नसते, आणि पोषणतज्ज्ञांच्या अनेक वर्षांच्या प्रबोधनाने जे घडले नाही ते गॅस वाचवण्याच्या इच्छेने घडले. रात्री उरलेला भात पाण्यात घालून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खाण्याची छत्तीसगढी चाल सालेकसा आणि देवरीकडे ओळखीची आहे. थंड झालेल्या भातातील काही पिष्ट सहज न पचणाऱ्या स्वरूपात बदलते आणि ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मानवते, असे आता सांगितले जाते, त्यामुळे जे खाणे शहरात गेलेला मुलगा आपल्या मित्रांपासून लपवत असे तेच त्याचा मित्र त्याला मोबाइलवर पाठवू लागला आहे.

‘पाणी फेकू नका’ हा नियम येथवर कोणाला पटला असेल तर त्याला लगेच सांगणे भाग आहे की याच स्वयंपाकघरात तो नियम पाळल्यास माणूस आजारी पडू शकतो. पावसाळ्यात जंगलातून येणारे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, चिरून, उकळून आणि त्यांचे पाणी टाकूनच खावे लागतात, कारण त्यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. हे ज्ञान आदिवासी बायांना कोणत्याही कोष्टकाविना अवगत आहे. भाताचे पाणी ठेवावे आणि वास्त्यांचे टाकावे, पालेभाजीचे ठेवावे आणि लाखोरीचे टाकावे, अशी ही संहिता गुंतागुंतीची आहे. तिच्यातील शेवटचे नाव घेताच जिल्ह्याच्या आहारशास्त्रातील सर्वांत दीर्घ खटला उभा राहतो.

लाखोरी, जिला पुस्तकात लाख किंवा लाखोळी आणि हिंदीत खेसारी म्हणतात, ही पूर्व विदर्भातील धानपट्ट्याची डाळ होय. ती पेरण्यासाठी शेतकऱ्याला जवळजवळ काहीच करावे लागत नाही, आणि हाच तिच्यावरील प्रेमाचा पाया आहे: धान उभे असतानाच, कापणीच्या थोडे आधी, ओल्या बांधीत बी फेकून द्यायचे, ज्याला उतेरा पद्धत म्हणतात, आणि नंतर नांगरट, खत, पाणी यांपैकी कशाचीही आठवण न ठेवता फाल्गुनाच्या सुमारास पीक काढायला जायचे. दुष्काळात इतर पिके माना टाकतात तेव्हा ही उभी राहते. तिच्यात पंचवीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, कोवळ्या पाल्याची भाजी होते, ती वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवता येते, आणि पिठाची भजी व वडे इतके खमंग होतात की सोबत सांबार, म्हणजे जिल्ह्याबाहेरची माणसे जिला कोथिंबीर म्हणतात ती, चिरून घातल्यास खाणाऱ्याला मोजण्याचे भान राहत नाही.

मोजण्याचे भान न राहणे हीच या डाळीतली अडचण आहे. तिच्यात ओडॅप या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे चेताविषारी द्रव्य, म्हणजे मज्जातंतूंना इजा करणारा घटक, असते, आणि दुष्काळात किंवा वेठबिगारीत माणसाला दुसरे काहीच न मिळता महिनोन्‌महिने मुख्यतः हीच डाळ खावी लागली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात; या विकाराला लॅथिरिझम म्हणतात. रीवा संस्थानाच्या परिसरात मजुरी म्हणूनच ही डाळ दिली जात असे आणि तेथे हा विकार मोठ्या प्रमाणावर दिसला. म्हणून १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांद्वारे तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. बंदीची रचना न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी होती, कारण डाळ पिकवणे आणि स्वतःच्या घरी शिजवून खाणे यांवर तिचा रोख नव्हता, रोख होता तो विकण्यावर. परिणामी शेतकऱ्याने आपली डाळ आपणच संपवावी, म्हणजे जी गोष्ट जास्त खाल्ल्याने अपाय होतो ती त्याने बाहेर न देता एकट्याने खावी, असा या लोककल्याणकारी नियमाचा शब्दशः अर्थ निघत होता.

शेतकऱ्याने तसा तो लावला नाही. लाखोरी बाजारात येतच राहिली, फक्त तिने नाव बदलले. ती कोठे तुरीच्या डाळीत आणि कोठे बेसनात मिसळून राहू लागली, आणि बंदीचा सर्वांत ठळक परिणाम असा झाला की जी डाळ पूर्वी लोक ओळखून आणि मापात खात होते ती न ओळखता खाऊ लागले. नागपूरचे आहार-अभ्यासक डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून दीर्घकाळ लढा दिला आणि त्यासाठी उपोषणेही केली. डाळ खाण्याचा हक्क मिळावा म्हणून न खाण्याचा मार्ग पत्करणारे हे आंदोलन गांधीवादाच्या आणि पाककलेच्या इतिहासात एकाच वेळी नोंदवण्यासारखे आहे. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठवली. २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पातळीवरून रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅप असलेल्या तीन वाणांना अनुकूल मत मिळाले, परंतु केंद्रीय नियमांचे घोंगडे त्यानंतरही भिजतच राहिले. घरोघरी या काळात चाललेला उपाय मात्र साधा होता: डाळ गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचे, मग शिजवायची, आणि इतर डाळींच्या सोबतीने अधूनमधून खायची. ओडॅप पाण्यात विरघळत असल्याने त्याचा बराच भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो. भाताच्या बाबतीत जी सवय दोष ठरली तीच सवय येथे गुण ठरते, आणि दोन्ही पाणी एकाच मोरीतून जातात.

सकाळच्या नाश्त्याविषयी थोडक्यात सांगायचे तर तर्री पोहे, म्हणजे लाल तेलाचा तवंग असलेल्या हरभऱ्याच्या रश्श्यात बुडवलेले पोहे, आणि आलुबोंडा हे जिल्ह्याचे खरे राष्ट्रीय अन्न असून वर लिंबू पिळण्याची चाल शास्त्रशुद्ध आहे, कारण क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. त्या पाठोपाठ घेतला जाणारा चहा आपल्या टॅनिनमुळे ते शोषण पुन्हा कमी करतो. या दोहोंचा हिशोब बरोबरीत सुटला की लोक खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घासून केलेले मिश्रण, तोंडात टाकतात. खर्ऱ्याचे पोषणमूल्य कोणत्याही कोष्टकात दिलेले नाही, आणि त्याचे जे मूल्य असते ते कर्करोगाच्या रुग्णालयात मोजले जाते.

आता कोंड्याच्या पुनरागमनाकडे वळावे. कोंड्यात तेल असते, साधारण पंधरा ते वीस टक्के, आणि दाण्यापासून वेगळा होताच त्यातील लायपेझ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, त्या तेलाला खवट करू लागते, म्हणून तो ताजा असतानाच द्रावकाच्या साहाय्याने त्यातून तेल काढावे लागते. हे तेल शुद्ध करून, त्यातील ओरायझॅनॉल या घटकाचे नाव ठळक छापून, हृदयाचे चित्र असलेल्या पिशवीत भरले की त्याला राईस ब्रॅन तेल म्हणतात. अशा रीतीने अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्याने पिकवलेला, मिलने घासून काढलेला आणि म्हशीच्या तोंडचा घास म्हणून हिणवला गेलेला कोंडा हृदयमित्र होऊन त्याच शेतकऱ्याच्या शहरी मुलाच्या किराणा यादीत येतो, आणि तो मुलगा त्यात पांढऱ्या तांदळाच्या पिठाचे अनारसे तळतो. तेल काढून उरलेली पेंड पुन्हा पशुखाद्यात जाते. म्हशीच्या वाट्यालाही आता स्निग्धांशविरहित आहार आला असून तिच्या दुधातली साय पाहून वैद्यांनी मालकाला सायविरहित दूध घेण्यास सांगितले आहे.

सरकारचा मार्ग याहून थेट आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केले की २०२४ पर्यंत सर्व सरकारी योजनांतून पोषणवर्धित तांदूळ दिला जाईल. हा तांदूळ करण्याची पद्धत अशी: तांदळाचे पीठ करायचे, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळायचे, ते मिश्रण यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्याच आकाराचे दाणे पाडायचे, आणि असा एक दाणा साध्या शंभर दाण्यांमागे मिसळायचा. ठरलेल्या मानकाप्रमाणे किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असावे लागते. म्हणजे एकाच मिलच्या आवारात एका टोकाला दाण्यावरचे लोह घासून काढणारे यंत्र धडधडते आणि दुसऱ्या टोकाला लोहाचे दाणे मिसळणारे यंत्र धडधडते, आणि दोन्ही यंत्रांना वीज एकाच मीटरवरून जाते. रक्तक्षयाचे प्रमाण पाहता या योजनेमागील चिंता खरी आहे, हे नमूद केलेच पाहिजे. ब-१२ तर कोंड्यात मुळातच नसते. तथापि यंत्रांची ही जुगलबंदी पाहून कुमारप्पांना काय वाटले असते, याची कल्पना करण्याचा मोह आवरत नाही.

जिल्ह्यातील जनतेने या दाण्यांचे स्वागत चौकस बुद्धीने केले. बनवलेला दाणा इतरांहून किंचित वेगळ्या रंगाचा दिसतो आणि काही वेळा धुताना पाण्यावर तरंगतो, त्यामुळे स्वस्त धान्य दुकानातून आलेला तांदूळ ताटात पसरताच गृहिणीच्या तज्ज्ञ नजरेने त्याला हेरले आणि ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ असे त्याचे निदान केले. निदान पक्के करण्यासाठी भाताचा लाडू वळून तो जमिनीवर आपटून पाहणे, दाणा चुलीत टाकून वास घेणे, अशा चाचण्या देशभर फिरणाऱ्या चित्रफितींनी आधीच लोकप्रिय केल्या होत्या. शिजलेल्या भाताचा घट्ट लाडू थोडाफार उसळतोच, हे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला लाडू स्वतः खाऊन दाखवावा लागतो.

सावधगिरीची सूचनाही या तांदळाबरोबर होती, परंतु ती पोत्याबरोबर होती. लोह मिसळलेल्या अन्नाच्या वेष्टनावर थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली ते घ्यावे आणि सिकलसेलच्या, म्हणजे रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या, रुग्णांनी ते घेऊ नये, असे छापण्याचा नियम होता, आणि विदर्भात सिकलसेल हा अनोळखी आजार नाही. पन्नास किलोचे पोते दुकानात उघडले जाते, माणशी पाच किलोचा वाटा तराजूवरून थेट लाभार्थ्याच्या पिशवीत पडतो, आणि सूचना रिकाम्या पोत्यासह दुकानदाराकडे राहते, त्यामुळे ती वाचण्याची संधी प्रामुख्याने ते पोते पायपुसणे म्हणून वापरणाऱ्यास मिळत असे. तज्ज्ञ समितीला नंतर धोक्याचा पुरावा आढळला नाही आणि २०२४ मध्ये ही सूचना काढण्याच्या हालचाली झाल्या. ज्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती त्यांना तिचा वियोग जाणवला नाही.

राहता राहिला तो शंभरांतला एक दाणा. तांदूळ निवडणे हे कौशल्य या भागातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले आहे, आणि सुपातून खडा, धान, मातीचा कण टिपणाऱ्या बोटांना एक पिवळसर दाणा टिपणे मुळीच जड जात नाही. अशा रीतीने पिठात मिसळलेले, यंत्रातून काढलेले, दिल्लीहून घोषित झालेले आणि रेल्वे, गोदाम व स्वस्त धान्य दुकान असा प्रवास करून घरापर्यंत आलेले लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व अंगणात भिरकावले जाते, आणि तेथे वाट पाहत असलेल्या कोंबड्या ते टिपून घेतात. बटाव्हियातील त्यांच्या पूर्वजांना जे एका आचाऱ्याच्या आडमुठेपणामुळे मिळाले ते या कोंबड्यांना नियमित मिळते आहे, परंतु त्यांच्या हिमोग्लोबिनची तपासणी करण्याची तरतूद अद्याप कोणत्याही योजनेत नाही.